तेलाची तरतूद

दरवर्षी जुलैच्या पावसात पन्हाळगड ते पावनखिंड चालत जाणाऱ्यांच्या पंगती वाटेवरच्या वाड्यांमधून बसतात. कुणाच्या सोप्यात, कुणाच्या पडवीत, कुठे शाळेच्या खोलीत. अशा पंगतीला जी मोठी पातेली निघतात, त्यांच्या काठावर बहुतेक वेळा ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली एक ओळ सापडते: आधी ‘कै.’, मग एक नाव, मग ‘यांच्या स्मरणार्थ’, आणि शेवटी भांडी देणाऱ्याचे नाव. दिवसभर चिखल तुडवून आलेल्या पोराला ती ओळ वाचायची सवड नसते, त्याचे लक्ष आमटीकडे असते. पण गेलेल्याची आठवण आणि चालून आलेल्याचे जेवण एकाच भांड्यात सांभाळायची युक्ती तिथे काठावर लिहिलेली असते.

आता ही युक्ती फोनमध्ये उतरते आहे. गेलेल्या माणसाचा फोटो, त्याची तारीख, चार माणसांनी लिहिलेल्या आठवणी आणि खाली ‘दान करा’ असे बटण. सामूहिक स्मरण आणि दान एकत्र बांधणारे ॲप म्हटले की साधारण असेच चित्र पुढे येते, आणि ते मांडणाऱ्याला वाटते की आपल्याला काहीतरी नवे सुचले. पन्हाळ्याच्या परिसरात मात्र या कल्पनेचे जुने नमुने आठ-नऊशे वर्षांपूर्वीचे आहेत. काही तांब्यावर, काही दगडावर, काही नुसत्या चालीरीतीत.

शिलाहार राजा दुसरा भोज याची राजधानी पन्हाळ्यावर होती. शके १११३ म्हणजे इ.स. ११९१ मध्ये त्याने कोकणातले कशेळी हे गाव दान दिले. आज राजापूर तालुक्यातले हे गाव कनकादित्याच्या देवळासाठी ओळखले जाते. दानाचा हेतू ताम्रपटात स्पष्ट आहे: ब्राह्मणांचे नित्य भोजन. म्हणजे राजाने पैशाची थैली दिली नाही. गावाचे उत्पन्न लावून दिले आणि त्यातून रोज पाने मांडली जातील अशी सोय केली. पुण्य एकदाचे असले तरी खर्च रोजचा असतो, हे ताम्रपट लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक होते. पुढे वीसेक वर्षांत देवगिरीच्या यादव सिंघणाने भोजाचा पाडाव केला. ‘भोजरूपी सर्पाला गरुड’ अशी आपली स्तुतीही त्याने करून घेतली. राजा गेला, राज्य गेले. कशेळीचा पत्रा राहिला.

भोजाचा आजा गंडरादित्य याच्याबद्दल प्रयागात लाख ब्राह्मणांना जेवू घातल्याचा उल्लेख येतो. हे प्रयाग गंगाकाठचे नसून कोल्हापूरजवळचे प्रयाग चिखली असावे, असे काही अभ्यासकांनी सुचवले आहे. लाखाचा आकडा राजांच्या प्रशस्तीतला, तेव्हा तो मोजायला बसू नये. याच गंडरादित्याने तळे बांधून त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि जिन अशा तिघांची देवळे उभारली आणि तिघांनाही जमीन तोडून दिली. ही नोंद मात्र प्रशस्तीपेक्षा जास्त बोलकी आहे.

राजाचे दान एकट्याचे. त्या काळात वर्गणीही होती. गंडरादित्याचा सामंत निंबदेव याने कवडेगोळ्ळच्या बाजारात पार्श्वनाथाची बसदी म्हणजे जैन मंदिर बांधले. ११३५-३६ च्या सुमारास गावोगावच्या व्यापाऱ्यांनी एकत्र बसून, बाजारात येणाऱ्या मालावर इतके इतके त्या बसदीला द्यायचे, असे ठरवून दगडावर कोरून घेतले. ज्याचा माल जास्त, त्याचा वाटा जास्त. आज एखादे मंडळ ‘ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे’ म्हणते, तेच इथे मापात लिहिलेले आहे. ऐपत ठरवायचा अधिकार देणाऱ्याकडे ठेवला की काय होते, हे कोल्हापूरच्या कुठल्याही तालमीच्या खजिनदाराला विचारावे. बाराव्या शतकातल्या व्यापाऱ्यांना ते विचारावे लागले नव्हते.

दगडावरचा आणखी एक प्रकार म्हणजे वीरगळ. लढाईत किंवा गुरे सोडवताना मेलेल्या माणसाचा दगड. खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला नेताहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर बसलेला, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. नावातला ‘गळ’ कन्नड ‘कल्लु’ म्हणजे दगड. करवीर तालुक्यातल्या बीड गावात असे वीरगळ इतके आहेत की गावाची ओळखच त्यावरून सांगतात. पण बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. माणूस कोण, कुणाचा, कुठल्या लढाईत पडला, हे कोरलेले नाही. त्या काळी सांगायची गरज नव्हती, सगळ्या गावाला माहीत होते. माहीत असणारे गेले आणि दगड मुका झाला. काही ठिकाणी त्याला शेंदूर लागून देव झाला, काही ठिकाणी तो धुण्याच्या दगडाच्या कामी आला.

ताम्रपट आणि वीरगळ शेजारी ठेवून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. ज्या आठवणीला तेलाची, शिध्याची, जमिनीची तरतूद होती, ती नावानिशी टिकली. ज्या आठवणीला नुसता दगड मिळाला, तिचा चेहरा टिकला आणि नाव गेले. यातला अन्यायही उघड आहे. तांब्यावर नाव राहते ते देणाऱ्याचे, आणि ज्याने जीव दिला त्याच्या वाट्याला अक्षरसुद्धा येत नाही.

हा अन्याय पन्हाळ्याच्या सगळ्यात मोठ्या आठवणीतही आहे. मार्च १६६० पासून आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा वेढा गडाला पडला होता. १२ जुलैच्या रात्री शिवाजी महाराज राजदिंडीच्या वाटेने उतरले आणि मसाई पठारावरून विशाळगडाकडे निघाले. पायथ्याच्या नेबापूरचा शिवा काशिद महाराजांचे सोंग घेऊन दुसऱ्या पालखीत बसला, पकडला गेला आणि मारला गेला. घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू देशपांडे मावळातल्या बांदल देशमुखांच्या सेनेसह उभे राहिले. बाजीप्रभू, त्यांचे बंधू फुलाजी, शिवा काशिद. इथपर्यंत नावे सगळ्यांना पाठ. परंपरा सांगते की महाराजांबरोबर सहाशे बांदल होते आणि त्यातले निम्मे खिंडीत थांबले. त्या तीनशेंची नावे कुणी सलग म्हणून दाखवू शकत नाही.

महाराजांनी या ऋणाची फेड काय केली? मान दिला. दरबारात तलवारीच्या पहिल्या पानाचा मान मावळातल्याच जेधे घराण्याचा होता, तो बांदलांकडे आला. आपल्या हातचा मान दुसऱ्याला जाऊ देणारे जेधेही या गोष्टीत लक्षात ठेवण्यासारखे आहेत. आणि मराठी राज्याच्या कागदांतून एक शब्द भेटतो: बालपरवेशी. कामी आलेल्या शिपायाच्या पोरांच्या पोषणासाठी सरकारातून लावून दिलेली नेमणूक म्हणजे बालपरवेशी. त्यातला ‘परवेशी’ फारसीतून आला आणि मराठीत असा मुरला की त्यात ‘प्रवेश’ ऐकू येतो. पण मूळ अर्थ पोराला वाढवणे. मेलेल्याची आठवण म्हणून त्याच्या लेकराच्या ताटात भात पडावा, याहून नेमके नाव एखाद्या ॲपला सापडणे कठीण आहे.

गडावर धान्याचा अंबारखाना आहे. गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन कोठारांचा. पंचवीस हजार खंडी धान्य मावेल एवढा, असे सांगतात. पर्यटक आत जाऊन आवाज घुमवून पाहतात. देणे-घेणे, वेढा, शिबंदी, बालपरवेशी ही सगळी भाषा शेवटी या कोठारांशी येऊन थांबत होती, कारण सरकारी नेमणूक धान्यातही चुकती होत असे.

अठराव्या शतकात पन्हाळा करवीर राज्याची राजधानी झाला आणि आठवणींचे स्वरूप बदलले. गडावरच्या संभाजी मंदिरात शिरलेला माणूस बहुधा शिवाजी महाराजांच्या थोरल्या मुलाला हात जोडतो. ते मंदिर आहे राजाराम महाराजांचे पुत्र, करवीरचे छत्रपती संभाजी यांचे, जे १७६० साली वारले. त्यांच्या मागे राज्य चालवणाऱ्या राणी जिजाबाई १७७३ पर्यंत होत्या. करारी बाई. पन्हाळ्याच्या समोरच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला, जोतिबाच्या देवळाजवळ त्यांनी १७४३ च्या सुमारास एक तीर्थ म्हणजे कुंड बांधले. म्हणजे राजधानीतल्या त्या मंदिराच्या आधी दुसऱ्या डोंगरावर पाण्याची सोय.

जोतिबाचा डोंगर पन्हाळा तालुक्यातच आहे आणि तो दात्यांची वहीच आहे. मूळ देऊळ किवळच्या नावजीने बांधले असे सांगतात. १७३० मध्ये राणोजी शिंद्यांनी आजचे देऊळ उभे केले. १७५० मध्ये प्रीतिराव चव्हाण हिंमतबहादूर यांनी चोपडाईचे, १७८० च्या सुमारास मालजी निलम पन्हाळकर यांनी रामलिंगाचे, आणि १८०८ मध्ये दौलतराव शिंद्यांनी केदारेश्वराचे देऊळ बांधले. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे नाव इथे असावे यात नवल नाही, जोतिबा त्यांचे कुलदैवत. पण या यादीत पन्हाळकर आडनावाचा एक मालजी बसला आहे. सरदारांच्या ओळीत, त्यांच्याच दगडात. त्याचे नाव इंग्रजांच्या १८८६ च्या गॅझेटियरपर्यंत पोहोचले. घोडखिंडीतल्या तीनशेंपैकी कितीजण तिथे पोहोचले?

जमीन लावून दिलेली असली की काय होते, याचा उलटा धडा १८४४ ने दिला. गडांच्या राखणीबद्दल गडकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमिनी होत्या. करवीरच्या नव्या कारभारात त्यांच्यावर हात पडू लागला तसे गडकरी उठले, आधी सामानगडावर, मग पन्हाळ्यावर. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स दौऱ्यावर होता, त्याला धरून गडावर कोंडले. डिसेंबरात इंग्रजी तोफांनी गड घेतला आणि चार दरवाजा पाडला. आज तो दरवाजा फक्त नावात आहे. जुन्या आज्ञेने मिळालेली जमीन म्हणजे कागदावरची नोंद नव्हती. आपल्या पूर्वजांच्या चाकरीची ती पावती होती आणि ती फाडली जाताना लोक स्वस्थ बसले नाहीत.

मग छापखाना आला आणि पावती चारचौघांत वाचता येऊ लागली. रायगडावरच्या शिवसमाधीची दुरवस्था जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने वेशीवर टांगली होती. १८९५ साली टिळकांनी समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी काढला आणि ‘केसरी’तून देणाऱ्यांची नावे रकमेसह छापली. संस्थानिकाची रक्कम आणि शाळेतल्या पोरांचे आणे एकाच कागदावर. मराठी माणसाला स्मारकासाठी घरबसल्या वर्गणी पाठवायची सवय इथून लागली असे म्हणायला हरकत नाही. शेजारच्याचे नाव आले आणि आपले नाही, ही बोचणी हे या पद्धतीचे खरे इंधन. आजच्या फोनवरही दात्यांची यादी वरखाली सरकते, ती याच इंधनावर.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात वेगळी वाट घेतली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये लिंगायत बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. नाव राणीचे किंवा गव्हर्नरच्या मुलीचे, आणि आत जेवणारा पोरगा पन्हाळ्याच्या किंवा भुदरगडच्या शेतकऱ्याचा. साहेबाच्या नावाची पाटी लावून आपल्या पोरांची पंगत बसवायची, यातला चतुरपणा कोल्हापूरकरांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

जगातही याच सुमाराला स्मरण आणि दान यांची गाठ बांधली जात होती. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये १९२१ पासून खसखशीचे कृत्रिम लाल फूल छातीला लावायची रीत पडली. फूल विकत घेणे हेच स्मरण आणि तेच अपंग सैनिकाला दान. भारतात १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी गोळा होतो, शाळेतली मुले छोटे झेंडे टाचणीने लावतात. पहिल्या महायुद्धाची खूण साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीत आहे. या एका गावचे ४६ सैनिक त्या युद्धात कामी आले आणि त्यांच्यासाठी इंग्रजांनी स्मारक उभारले. अशा गावांचा उल्लेख करताना आकडा आधी सांगितला जातो. नावे गावातल्या घरांनी आपापल्या देव्हाऱ्याजवळ ठेवली.

कोल्हापूरची आजची रीत या सगळ्यांहून साधी आहे आणि बाहेरच्या माणसाला चक्रावून टाकणारी आहे. पंचगंगेच्या स्मशानात महापालिका अंत्यसंस्कार विनामूल्य करते. त्यासाठी लाकडाबरोबर शेणी म्हणजे गोवऱ्या लागतात, आणि त्या शेणी लोक दान देतात. होळीच्या दिवसांत तालमी आणि मंडळे ‘होळी लहान करा, शेणी दान करा’ म्हणत ट्रॉल्या भरून स्मशानात नेऊन उतरवतात. वाढदिवसाला शेणी देणारे लोक आहेत! कुणाच्या चितेला आपली शेणी लागेल हे देणाऱ्याला कळत नाही, आणि ज्याच्या चितेला लागली त्याच्या घरच्यांनाही कळत नाही. देणाऱ्याचे नाव टिकवणारी सगळी व्यवस्था एका बाजूला आणि हे गुप्त दान दुसऱ्या बाजूला.

आता फोन. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले आणि काही वर्षांत पावती पुस्तकाशेजारी क्यूआर कोडचा फलक उभा राहिला. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालाने माखलेल्या हातानेही पैसे जातात, फोन मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत. जोतिबा आणि अंबाबाईसह तीन हजारांहून अधिक देवस्थाने पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहेत. सार्वजनिक न्यासांवर १९५० च्या कायद्याने धर्मादाय आयुक्तांची नजर आहे. तेव्हा ‘दान करा’ हे बटण दाबल्यावर पैसा कुणाच्या खात्यात पडतो, हिशेब कोण पाहतो, हे ॲपवाल्याने पहिल्या दिवशी ठरवायचे काम आहे. शिलाहारांच्या काळी हेच काम शापाने होत असे. उत्तर कोकणातल्या शिलाहारांच्या दानलेखांबरोबर गधेगळ म्हणजे शापाचा दगड असतो, आणि दान मोडणाऱ्याच्या आईबद्दल त्यात जे चित्र कोरलेले असते ते इथे वर्णन करण्याजोगे नाही. अटी व नियम वाचायला लावण्याचा याहून परिणामकारक उपाय अजून निघालेला नाही.

पन्हाळ्यासाठी असे ॲप कुणी करायला घेतलेच, तर पहिली अडचण तारखेची येईल. कोल्हापुरात शिवजयंती १९ फेब्रुवारीला होते, फाल्गुनातल्या तिथीने होते आणि जुन्या पेठांमध्ये वैशाखातही वाजतगाजत होते. तिन्ही मंडळांचे लोक एकाच चहाच्या गाड्यावर भेटतात आणि कुणीही कुणाचे ऐकत नाही. महाराज गडावरून उतरले ती रात्र आषाढी पौर्णिमेच्या आसपासची, म्हणून कुणी गुरुपौर्णिमेला चालतो, कुणी १२-१३ जुलैला. आठवणीची घंटा फोनने नेमकी केव्हा वाजवायची? घरातल्या माणसाचे वर्षश्राद्ध तिथीने, फोटोखालची पुण्यतिथी तारखेने, हा गोंधळ तर प्रत्येक घरात आहे आणि तो आजवर आत्याबाईंच्या स्मरणशक्तीवर निभावला आहे.

दुसरी अडचण मुदतीची. दानपत्रात शब्द असे ‘आचंद्रार्क’, म्हणजे चंद्रसूर्य आहेत तोवर. वीरगळाच्या माथ्यावर तेच चंद्रसूर्य. ॲपच्या सर्व्हरचे भाडे वर्षाचे असते, आणि ते भरणारा तरुण नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला गेला की तिसऱ्या वर्षी सगळ्या आठवणी एकदम नाहीशा होऊ शकतात. कशेळीच्या पत्र्याला भाडे नव्हते. भोजराजाने आधी उत्पन्न लावून दिले आणि मग नाव कोरले. हल्लीचा क्रम बहुधा उलटा असतो.

तिसरी अडचण पडद्यावर सगळ्यात वर कुणाचे नाव ठेवायचे, ही. देणाऱ्याचे ठेवले तर पैसा येतो, हे ‘केसरी’पासून सिद्ध आहे. पण नेबापूरच्या शिवा काशिदाची समाधी गडाच्या उतारावर आहे आणि बाजीप्रभूंचा दोन्ही हातांत शस्त्र घेतलेला पुतळा गडात शिरताच समोर येतो. त्यांना दान देता आले ते एकच. त्यांच्या शेजारी ‘५०१ रुपये’ अशी ओळ लिहिताना कुणाचाही हात अडखळेल.

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात पन्हाळा आहे. पुढच्याच दोन दिवसांवर घोडखिंडीची तारीख होती. राजदिंडीतून खाली, तुरुकवाडी, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मंडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, पांढरेपाणी असे करत लोक दोन दिवसांत खिंडीशी पोहोचतात. वाटेवरच्या वाड्यांत रात्री चूल पेटते, ओले कपडे आढ्याला टांगले जातात, पातेली घासून पालथी पडतात. खिंडीत पोहोचल्यावर नावे पुकारली जातात. बाजीप्रभू, फुलाजी, शिवा काशिद. मग ‘आणि बांदल सेना’ असे म्हणून पुकारणारा थांबतो, आणि पावसात उभे असलेले सगळे एकदम ‘जय’ म्हणतात.